मोटारींच्या गांवांत पादचारी

आपल्या भाषेंत अंतर मोजण्याचीं मापें मोठीं घरगुती आहेत. "हाकेच्या अंतरावर", "चार घरें टाकून", "दोन पावलांवर", "कोपऱ्यावर" हे शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों, कीं त्यांच्यामागें एक विशिष्ट प्रकारची गांवरचना गृहीत धरलेली आहे हें आपल्या ध्यानांतही येत नाहीं. दूध नासलें, कोथिंबीर आणावयाची राहिली, औषधाच्या गोळ्या संपल्या, असें झालें म्हणजे पायांत वहाणा सरकवाव्या, "आलोंच" म्हणून बाहेर पडावें आणि खरोखरच दहा मिनिटांत परत यावें, हा आपल्याकडील नित्याचा व्यवहार. त्याला पैसा लागत नाहीं, परवाना लागत नाहीं, आणि दुसऱ्या कोणाची मर्जीही सांभाळावी लागत नाहीं. आज मला श्रोत्यांसमोर जो विषय मांडावयाचा आहे तो असा, कीं जगांतील एका अत्यंत संपन्न देशांत, जेथें एकेका घराच्या दारांत दोन-दोन मोटारी उभ्या असतात, तेथील बऱ्याचशा उपनगरांत हाच साधा व्यवहार जवळजवळ अशक्य होऊन बसला आहे. तो कसा व कां अशक्य झाला, हें पाहण्यासारखें आहे.

हा विषय परमुलुखाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, विशेषतः एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गांवीं, आज कितीतरी मराठी कुटुंबें नांदत आहेत. त्यांचे आईवडील पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापुराहून मुलांकडे राहावयास जातात; पाहुण्याच्या परवान्यावर बहुधा सहा महिने राहतां येतें. येथें रोज सकाळीं मंडईंत स्वतः भाजी निवडणारीं, बँकेंत आपलें काम आपण करणारीं हीं माणसें तेथें पोंचल्यावर आठवड्याभरांतच ओळखून चुकतात, कीं एक बाटली दूध आणावयाचें तरी मुलाच्या सुट्टीची वाट पाहिली पाहिजे. घर प्रशस्त असतें, आदरसत्काराला उणीव नसते; तरी पाय कोणीं बांधून ठेवल्यासारखें वाटतें. कित्येकांना हा आपल्या वयाचा किंवा स्वभावाचा दोष वाटतो. तो दोष त्यांचा नव्हे. तो रस्त्यांच्या आंखणीचा आणि जमिनीच्या कायद्यांचा आहे.

प्रथम अंतराचा हिशेब घेऊं. अशा उपनगरांतील एक नमुन्याचें घर डोळ्यांपुढें आणा. पाव एकराचा तुकडा. पुढें हिरवळ, मागें कुंपण. आणि कुंपणापलीकडे, सरळ रेषेंत मोजल्यास तीनशें यार्डांवर, किराणा मालाचें एक भलें मोठें दुकान. रात्रीं दुकानाच्या पाटीचा उजेड या घराच्या मागच्या खिडकींतून दिसतो. परंतु मागच्या कुंपणांतून वाट नाहीं. घर ज्या गल्लींत आहे ती एका टोंकाला बंद आहे. तिचें दुसरें टोंक एका वळणावळणाच्या रस्त्यास मिळतें, तो रस्ता तशाच दुसऱ्या रस्त्यास मिळतो, आणि तो दुसरा रस्ता सबंध वसाहतींत एकाच ठिकाणीं हमरस्त्यावर उघडतो. म्हणजे दुकानाकडे पाठ करून निघावयाचें, वसाहतीला प्रदक्षिणा घालावयाची आणि मग हमरस्त्यानें पुनः दुकानाकडे वळावयाचें. तीनशें यार्डांचें अंतर अशा रीतीनें सव्वा मैलाचें होतें. आपण ज्याला द्राविडी प्राणायाम म्हणतों तो हाच. मोटारींत बसलेल्याला या सव्वा मैलाचें कांहींच वाटत नाहीं. त्याचीं तीन मिनिटें जातात. चालणाऱ्याचीं जातांना पंचवीस आणि येतांना, हातांत ओझें असल्यामुळें, त्याहून अधिक.

तरीही अंतर हें खरें संकट नव्हे. सव्वा मैल चालणें आपल्या लोकांना जड नाहीं. संकट पुढें आहे. वसाहतीच्या आंत फूटपाथ असला तर असतो, तोही पुष्कळदां एकाच बाजूस. पण हमरस्त्याला लागतांच तो मध्येंच संपतो. पुष्कळ ठिकाणीं फूटपाथ हा ज्याची त्याची जमीन विकसित होते तेव्हां त्याच्याकडून बांधून घेण्याची रीत असल्यामुळें, एका दुकानापुढें तो असतो, पुढच्या मोकळ्या जागेपुढें नसतो, आणि त्यापुढील पेट्रोलपंपाजवळ पुनः उगवतो. मधल्या जागीं गवत, पाणी वाहून नेणारी चारी आणि गवतांत माणसांच्या पायांनीं पडलेली अरुंद पायवाट. कोणी चालत नाहीं असें जेथें म्हणतात तेथें ती पायवाट कोणाच्या पायांनीं पडली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. हिंवाळ्यांत बर्फ पडतें तेव्हां नगरपालिकेचीं यंत्रें मोटारींचा रस्ता साफ करितात आणि तेथील बर्फाचा ढीग रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमका चालणाऱ्याच्या जागेवर, लोटून देतात.

आतां रस्ता ओलांडण्याकडे वळूं. कारण खरी परीक्षा तेथेंच आहे. अशा उपनगरांतील हमरस्त्यास जाण्याच्या तीन, येण्याच्या तीन आणि डावीकडे वळण्यासाठीं मध्यें एक, अशा सात पट्ट्या असणें कांहीं विशेष नाहीं. एक पट्टी सामान्यतः १२ फुटांची. म्हणजे सात पट्ट्यांचे ८४ फूट झाले. अमेरिकेंतील रहदारीच्या नियमपुस्तकांत दिव्याची वेळ ठरवितांना माणूस सेकंदाला साडेतीन फूट चालतो असें धरलेलें आहे. या वेगानें ८४ फुटांस २४ सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसास तीस लागले तर नवल नाहीं. आतां याच २४ सेकंदांत ताशीं ४५ मैल वेगानें येणारी मोटार सुमारे १६०० फूट अंतर कापते. तेव्हां ज्याला दिव्याशिवाय हा रस्ता ओलांडावयाचा आहे त्यानें अर्ध्या किलोमीटरावरील मोटारीचा अंदाज घेऊन पाऊल उचलावयाचें, असा याचा अर्थ होतो. एवढी नजर आणि एवढें गणित सत्तरीच्या माणसाकडून अपेक्षिणें हा शुद्ध अन्याय आहे.

मग दिव्यापाशींच ओलांडावें, असें कोणी म्हणेल. म्हणणें रास्त आहे. परंतु दोन दिव्यांमधील अंतर पुष्कळदां अर्धा मैल असतें. बसचा थांबा म्हणजे गवतांत रोवलेला एक खांब. तो मधल्याच जागीं असतो. बसमधून उतरलेल्या बाईचें घर समोर दिसत असलें तरी कायदेशीर मार्गानें जावयाचें तर तिला पाव मैल मागें आणि पाव मैल पुढें चाललें पाहिजे. न्यू जर्सींतून जाणाऱ्या एक नंबरच्या हमरस्त्यावर तर मध्यें कांक्रीटची सलग भिंत आहे. या प्रकारच्या भिंतीचा विकास त्याच राज्यानें १९५० नंतरच्या दशकांत केला, आणि म्हणून सर्व देशभर तिला जर्सीचेंच नांव पडलें आहे. समोरासमोर मोटारी आदळूं नयेत म्हणून ती बांधिली आणि तिनें पुष्कळ प्राण वांचविले, हें खरें. पण पायीं चालणाऱ्याच्या दृष्टीनें एकाच गांवाचे तिनें दोन गांव केले.

दिव्यापाशीं पोंचल्यावरही सर्व निर्वेध होतें असें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं खांबावरील कळ दाबल्यावांचून चालणाऱ्याची खूण उमटतच नाहीं; मोटारीला मात्र अशी विनंती करावी लागत नाहीं. शिवाय लाल दिवा असतांनाही थांबून, पाहून उजवीकडे वळण्याची मुभा मोटारींना आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वांचविण्याच्या हेतूनें १९७५ च्या कायद्यानें ही मुभा राज्यांच्या गळीं उतरविण्यांत आली. उजवीकडे वळणारा चालक डावीकडून येणाऱ्या मोटारींवर नजर ठेवितो. त्याच्या उजव्या हातीं पाऊल टाकणारा माणूस त्याला दिसत नाहीं. आणि जेथें दिवा नाहीं तेथें नवा दिवा मागावा, तर अभियंते प्रथम विचारतात, येथें ताशीं किती माणसें रस्ता ओलांडतात? नियमपुस्तकाप्रमाणें ठराविक संख्या भरल्यावांचून दिवा बसत नाहीं; आणि दिवा नाहीं म्हणून माणसें ओलांडावयास धजत नाहींत. नदी पोहून जाणाऱ्यांची गणती करून पूल बांधावयाचा कीं नाहीं हें ठरविण्यासारखाच हा प्रकार झाला.

एवढें सर्व पार करून दुकानाच्या हद्दींत शिरलें, तरी दुकान येत नाहीं. येतें तें मोटारी उभ्या करण्याचें विस्तीर्ण मैदान. या मैदानाचा आकार दुकानदाराच्या हौसेनें ठरलेला नसतो. एक हजार चौरस फूट दुकानामागें चार किंवा पांच मोटारींची जागा ठेविलीच पाहिजे, असे नियम गांवोगांवच्या नगरपालिकांनीं करून ठेविलेले आहेत. एका मोटारीला, तिच्या येण्याजाण्याची वाट धरून, सुमारे तीनशें चौरस फूट लागतात. म्हणजे चार मोटारींना बाराशें. दुकान हजाराचें आणि मोटारींचा मुक्काम बाराशेंचा! इमारती एकमेकींपासून दूर फेंकल्या जातात त्या यामुळें. आणि त्या दूर गेल्या म्हणजे एका दुकानांतून दुसऱ्यांत जावयालाही मोटार काढावी लागते. या नियमांचा जन्मभर अभ्यास करणारे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें, कीं फुकट म्हणून मिळणारी ही जागा फुकट नसते. तिची किंमत घरभाड्यांत आणि मालाच्या भावांत मिसळलेली असते, आणि ज्याच्यापाशीं मोटार नाहीं तोही ती भरीत असतो.

श्रोत्यांच्या मनांत असा प्रश्न येईल, कीं एवढे शहाणे लोक, त्यांनीं हें असें कां करून ठेविलें? याचें उत्तर असें, कीं एकदम आणि जाणून बुजून कोणीं कांहींच केलें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेंतील रस्ताही आपल्या पेठांतील रस्त्याप्रमाणेंच सर्वांचा होता. मुलें त्यांत खेळत, फेरीवाले उभे राहत, माणसें वाटेल तेथें तो ओलांडीत. मोटारी आल्या तशीं माणसें, विशेषतः मुलें, मरूं लागलीं आणि लोकक्षोभ उसळला. ओहायो राज्यांतील सिनसिनाटी शहरांत १९२३ सालीं, मोटारींना यंत्रच असें बसवावें कीं ताशीं २५ मैलांवर त्यांचा वेग जाऊं नये, अशा मागणीवर ४२००० नागरिकांनीं सह्या केल्या. मोटारींच्या व्यापाऱ्यांनीं तिच्याविरुद्ध जंगी प्रचार केला आणि मतदानांत ती मागणी पडली. त्याच सुमारास दोष मोटारीचा कीं चालणाऱ्याचा, या वादाचें पारडें फिरलें. रस्ता भलत्या जागीं ओलांडणाऱ्याला "जेवॉकर" असें नांव मिळालें. "जे" म्हणजे गांवढळ. शहरांत कसें वागावें हें न कळणारा. लॉस एंजेलिस शहरानें १९२५ सालीं पादचाऱ्यांना ठराविक जागींच ओलांडण्यास लावणारा नियम केला, आणि त्याचें अनुकरण इतर शहरांनीं केलें. एका शब्दानें रस्त्याची मालकी बदलली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

दुसरी गोष्ट जमिनीच्या वांटणीची. कारखान्याचा धूर आणि कसाईखान्याची दुर्गंधी घरांपासून दूर असावी, या हेतूनें गांवाचे विभाग पाडण्याचे कायदे झाले. क्लीव्हलंडजवळील युक्लिड या गांवाच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२६ सालीं अशा विभागणीला मान्यता दिली. हेतु उत्तम होता. परंतु धुराच्या कारखान्याबरोबर वाण्याचें दुकान, न्हाव्याचें दुकान, लहानसा दवाखाना, एवढेंच काय, पण भाड्याच्या खोल्यांची चाळवजा इमारतही राहत्या विभागांतून हद्दपार झाली. गरिबांना आणि काळ्या लोकांना दूर ठेवण्यासाठींही या व अशा नियमांचा उपयोग झाला, हा त्या इतिहासाचा काळा भाग आहे. तिसरी गोष्ट कर्जाची. १९३४ सालीं स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज-विमा संस्थेनें, कोणत्या आंखणीच्या वसाहतींस आपण पाठबळ देऊं, याचे नमुने प्रसिद्ध केले; त्यांत बंद गल्ल्यांची शिफारस होती, कारण त्यांतून परक्या मोटारी धांवत नाहींत आणि मुलें सुरक्षित राहतात. चवथी गोष्ट महायुद्धाची. लढाईवरून परतलेल्या शिपायांना घरें हवीं होतीं. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊन येथें १९४७ पासून चार-पांच वर्षांत सुमारें १७००० घरें एकाच साच्यांतून निघाल्यासारखीं उभीं राहिलीं, आणि प्रारंभीं तीं केवळ गोऱ्या लोकांनाच मिळत. पांचवी गोष्ट १९५६ चा महामार्गांचा कायदा. ४१००० मैलांचे महामार्ग आणि खर्चाचा शेंकडा ९० हिस्सा मध्यवर्ती सरकारचा.

यांतील एकेक गोष्ट घेतली तर तिच्या बाजूनें पुष्कळ बोलतां येईल. धूर नको, मुलांना धोका नको, शिपायाला घर हवें, मोटार उभी करावयास जागा हवी. यांत अनुचित काय आहे? परंतु त्या सर्वांची बेरीज झाली तेव्हां त्या बेरजेंत चालणाऱ्या माणसाला कोठेंच स्थान उरलें नाहीं. त्याच्याविरुद्ध कोणीं कट केला नाहीं. त्याला हिशेबांत धरावयाचेंच सर्वांकडून राहून गेलें. पाव एकराचा एक तुकडा याप्रमाणें, रस्ते वगळतां, एका एकरांत फार तर तीन घरें बसतात. अर्ध्या मैलाच्या परिघांत सुमारे पांचशें एकर जमीन येते. म्हणजे दीड हजार घरें. एवढ्या घरांवर कोपऱ्यावरचा वाणी कसाबसा तगला असता. परंतु बंद गल्ल्यांमुळें त्यांतील निम्मीं घरेंही त्याच्यापर्यंत पायीं पोंचूं शकत नाहींत, आणि दुकान थाटण्यास तर कायद्याचीच बंदी! मग दहा वसाहतींना मिळून हमरस्त्यावर एक प्रचंड दुकान निघतें, आणि तेथें मोटारीनेंच जावें लागतें.

येथें विरुद्ध पक्षाचें म्हणणें न ऐकणें योग्य होणार नाहीं. तें असें, कीं लोकांना हेंच हवें आहे. मोकळी हवा, शांतता, मुलांना खेळावयास अंगण, आणि मोटारीनें मिळणारें स्वातंत्र्य. हें सर्व खरें आहे. चाळीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या आपल्या मुलांनाही त्या अंगणाचें मोल कळतें, आणि आठवड्याचा बाजार एकदम भरून आणण्याची सोय कोणास नको आहे? आक्षेप मोटारीवर नाहीं. आक्षेप एवढाच, कीं जें स्वातंत्र्य मोटारीनें दिलें असें म्हणतात, तें मोटार चालविणाऱ्यालाच मिळालें. आणि जो चालवीत नाहीं त्याच्यापाशीं पूर्वीं जें होतें, तेंही गेलें.

आणि न चालविणारे थोडे नाहींत. लहान मुलें धरून, अमेरिकेंतील दर दहा माणसांत सुमारे तिघांजवळ मोटार चालविण्याचा परवाना नाहीं. त्यांत शाळकरी मुलें आहेत, दृष्टि मंदावलेले वृद्ध आहेत, अपंग आहेत, मोटार न परवडणारे गरीब आहेत, आणि आपल्याकडून गेलेले आईवडीलही आहेत. १९६९ सालीं पांच ते चौदा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ४८ मुलें पायीं किंवा सायकलीनें शाळेस जात. २००९ सालीं तें प्रमाण शेंकडा १३ वर आलें होतें. जीं माणसें नाइलाजानें चालतात त्यांची किंमत याहून भयंकर आहे. त्या देशांत २००९ सालीं मोटारींखालीं ४१०९ पादचारी मृत्यु पावले. २०२२ सालीं ही संख्या ७५२२ झाली. यांतील बहुतेक मृत्यु रात्रीं घडतात, आणि निम्म्याहून अधिक अशाच रुंद, वेगवान हमरस्त्यांवर. वेगाचा परिणाम किती होतो हें २०११ च्या एका अभ्यासांत आढळून आलें आहे: मोटार ताशीं २३ मैलांनीं आदळली तर दहांपैकीं एक माणूस दगावतो, ३२ मैलांस चौघांपैकीं एक, ४२ मैलांस दोघांपैकीं एक, आणि ५० मैलांस चौघांपैकीं तीन. ज्या रस्त्यावर वेगमर्यादा ४५ ची आहे तेथें चुकीला क्षमा नाहीं. मग ती चूक चालकाची असो वा चालणाऱ्याची.

सुदैवानें, जें नियमांनीं घडलें तें नियमांनींच बदलतांही येतें, आणि याचा पुरावा न्यू जर्सींतच आहे. त्या राज्यांतील फेअर लॉन गांवीं १९२९ सालीं क्लॅरेन्स स्टाईन आणि हेन्री राईट या दोघां रचनाकारांनीं रॅडबर्न नांवाची वसाहत आंखली. मोटारींच्या युगासाठीं म्हणूनच ती रचलेली होती. तिच्यांतही बंद गल्ल्या होत्या. परंतु प्रत्येक घराच्या दुसऱ्या अंगास बाग होती, बागेंतून पायरस्ता होता, आणि तो मोटारींच्या रस्त्याखालून भुयारानें पलीकडे जात होता. शाळेस जाणाऱ्या मुलाला मोटारींचा रस्ता ओलांडावाच लागूं नये, ही त्यांतील दृष्टि. पुढें जगव्यापी मंदी आली आणि वसाहत अपुरी राहिली. पण खेद त्याचा नाहीं. खेद याचा, कीं पुढच्या वसाहतींनीं रॅडबर्नच्या बंद गल्ल्या तेवढ्या उचलल्या आणि पायरस्ता मागें ठेविला. आज तो परत आणणें फारसें खर्चाचें नाहीं. बंद गल्लीच्या टोंकापासून पाठीमागच्या रस्त्यापर्यंत दोन कुंपणांमधून आठ फुटांची एक वाट काढिली, तर आपल्या नमुन्याच्या घरापासून दुकान पुनः तीनशें यार्डांवर येतें.

हमरस्त्यावरही उपाय आहेत, आणि ते करून पाहिलेले आहेत. रस्त्याच्या मध्यभागीं उभें राहण्यापुरता ओटा बांधिला म्हणजे ८४ फूट एका दमांत न ओलांडतां दोन दमांत ओलांडतां येतात, आणि एका वेळीं एकाच दिशेच्या मोटारी पाहाव्या लागतात. चार पट्ट्यांच्या रस्त्याच्या तीन केल्या, तर सरकारी महामार्ग खात्याच्या मापनाप्रमाणें अपघात शेंकडा १९ पासून ४७ पर्यंत कमी होतात. हडसन नदीकांठच्या होबोकेन शहरानें चौकांच्या कोपऱ्यांवर मोटारी उभ्या करण्यास बंदी करून चालक आणि पादचारी यांना एकमेकांचें दर्शन घडविलें, वेग उतरविला, आणि २०१७ पासून सात वर्षांहून अधिक काळ तेथें रहदारीच्या अपघातांत एकही मृत्यु घडला नाहीं. होबोकेन हें दाट वस्तीचें जुनें शहर आहे, उपनगर नव्हे, ही गोष्ट खरी. पण कोपरा मोकळा ठेवणें ही युक्ति कोठेंही चालते. न्यू जर्सींत २०१० पासून, आंखलेल्या पट्ट्यांवर माणूस असतां मोटारीनें पूर्ण थांबलेंच पाहिजे, असा कायदा आहे. मोटारतळाची सक्ती बफलो शहरानें २०१७ सालीं काढून टाकिली, आणि मोठ्या वाहतूकस्थानकांजवळ ती कॅलिफोर्निया राज्यानें २०२२ च्या कायद्यानें रद्द केली. त्याच वर्षीं त्या राज्यानें, धोका नसतां रस्ता ओलांडणाऱ्याला दंड करूं नये, असेंही ठरविलें. लॉस एंजेलिसच्या १९२५ च्या नियमापासून येथपर्यंत यावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

एडिसन व आयसेलिन या गांवांतून जाणारा ओक ट्री रोड आपल्या लोकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. साड्यांचीं, दागिन्यांचीं, मिठाईचीं आणि किराण्याचीं भारतीय दुकानें तेथें एकाला एक लागून आहेत. गिऱ्हाइकें बहुतेक मोटारींतूनच येतात. परंतु एकदां मोटार उभी केली, कीं आजी नातवाचें बोट धरून या दुकानांतून त्या दुकानांत आरामांत हिंडते, वाटेंत ओळखीचें माणूस भेटतें, आणि बोलावयास दोन क्षण थांबतां येतें. हीं माणसें तींच, हवामान तेंच, कायदाही त्याच राज्याचा. केवळ दुकानें जवळ आणि दारें रस्त्याकडे असलीं, एवढ्यानेंच पायांना काम मिळतें. यावरून लोक आळशी झाले म्हणून चालत नाहींत, हें म्हणणें किती वरवरचें आहे तें दिसून येईल.

जे आईवडील तेथें जाणार असतील त्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. तेथें मोटारी रस्त्याच्या उजव्या बाजूनें जातात. म्हणून जेथें फूटपाथ नसेल तेथें रस्त्याच्या डाव्या कडेनें, समोरून येणाऱ्या मोटारींकडे तोंड करून चालावें. संध्याकाळनंतर पांढरें किंवा फिकट वस्त्र असावें आणि हातीं दिवा असावा. दिव्यापाशीं कळ दाबण्यास विसरूं नये, आणि खूण उमटल्यावरही उजवीकडे वळणाऱ्या मोटारीच्या चालकाशीं दृष्टादृष्ट झाल्यावांचून पाऊल टाकूं नये. आणि मुलांना सांगणें एवढेंच, कीं तेथें घर घेतांना खोल्या मोजतां, शाळेची चौकशी करितां, त्याबरोबरच एक चौकशी आणखी करा: या घरांतून आई एकटी कोठपर्यंत चालत जाऊं शकेल?

हाच प्रश्न आतां आपल्याकडेही विचारण्याची वेळ आली आहे. आपल्या शहरांच्या सीमेवर महामार्गांलगत कुंपणबंद वसाहती उठत आहेत. त्यांत बगीचा आहे, पोहण्याचा तलाव आहे, पण एकाच दरवाजाबाहेर धांवता महामार्ग, आणि भाजी पलीकडच्या बाजूस. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनें फूटपाथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर सांगितली आहे. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांविषयींचें धोरण मंजूर केलें. कागदावर आपण मागें नाहीं. परंतु नियम कागदावरून रस्त्यावर उतरतो तो लोकांनीं मागितल्यावर. आणि मागतो तो चालणाराच. म्हणून नव्या वसाहतींत जागा पाहावयास जाल तेव्हां मोटार दरवाजाबाहेर ठेवा, हातांत एक पिशवी घ्या, आणि जवळच्या वाण्याच्या दुकानापर्यंत पायीं जाऊन या. त्या वाटेंत जें कांहीं आढळेल तें विक्रेत्याला विचारा आणि नगरसेवकालाही विचारा. अमेरिकेंतील लोकांना तो प्रश्न घरें बांधून झाल्यावर सुचला. आपल्याला तो आधीं विचारण्याची सवड अजून आहे.